होमकमिंग डान्स, ती भली मोठी शेवंती आणि मुलीचा लेझीम क्लब (टेक्सास)

गवतीचहा | ११ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून डॅलसच्या उत्तरेला आलो. लेक यंदा दहावीत, इथल्या भाषेत सोफोमोर. गेल्या वर्षी डान्सचं नाव काढलं नव्हतं, यंदा मात्र सात जणींचा ग्रुप ठरलाय, ड्रेस ठरलाय, आधी जेवायला कुठे जायचं ते ठरलंय आणि मला हे सगळं परवा भांडी आवरताना कळलं. ४ ऑक्टोबरला होमकमिंग डान्स आहे (शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या खास मॅचच्या आठवड्यातला, शाळेतच होणारा नाच).

तर प्रश्न असे की तिकीट काढायला गेली तर ऑफिसात सांगितलं, तुझ्या नावावर होल्ड आहे. कसला, तर नववीत दिलेल्या लॅपटॉपचा चार्जर परत केला नाही म्हणून ३५ डॉलर बाकी. चार्जर आम्ही दिलाय हो! पण पावती कुठेय? दुसरं म्हणजे मराठी शाळेतला तिचा एक मित्र दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलला आहे, त्यालाही ग्रुपमध्ये यायचंय, तर त्याच्यासाठी गेस्ट फॉर्म म्हणून दोन पानी प्रकरण आलंय. तिसरं, तिला शाळेत लेझीमचा क्लब काढायचाय (ही कल्पना कुठून आली देव जाणे) आणि क्लबसाठीही फॉर्म आलाय. आणि शेवटचं, नवरा म्हणतो डान्सबिन्स कशाला, पण तोंडाने नाही म्हणत, नुसता फ्रिज उघडून उभा राहतो.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा ना. सगळं सांगा.

सदाशिवपेठी | ११ सप्टेंबर, रात्री १०.०५

आमच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. मुलं डावीकडे, मुली उजवीकडे, मधून मुख्याध्यापक फिरायचे. फिशपाँडमध्ये कोणी जरा जास्त बोललं की माईक बंद. नियम एकच, पण तो सगळ्यांना माहीत होता. दोन पानी फॉर्मची गरज पडली नाही कधी.

डीएफडब्ल्यू_काका | ११ सप्टेंबर, रात्री ११.३०

पेठीसाहेब, तो मुख्याध्यापक इथेही फिरतो, फक्त त्याच्याबरोबर एक पोलीस असतो आणि दारात श्वास तपासायचं यंत्र असतं.

गवतीचहा, माझी दोन्ही पोरं यातून गेलीत तेव्हा नीट सांगतो. आधी चार्जरचं, वाद घालत बसू नका, ३५ डॉलर भरा, पावती घ्या, नंतर भांडा. दोन आठवडे आधी भांडण सुरू केलं तर तिकीट विक्री बंद होईल आणि भांडण तसंच राहील, हे अनुभवाचे बोल आहेत, आमच्याकडे थोरल्याचं लायब्ररीचं पुस्तक होतं, ते नंतर त्याच्याच गादीखाली सापडलं. फी बाकी, फार गैरहजेरी, शिक्षा चालू, असं काहीही असलं की बऱ्याच शाळा तिकीटच देत नाहीत. काही ठिकाणी डान्सच्या आधीच्या शुक्रवारी शाळेत हजर असणंही सक्तीचं असतं, तेव्हा त्या दिवशी डेंटिस्ट वगैरे ठेवू नका.

गेस्ट फॉर्म. त्यावर सह्या चार. तुमची, तुमच्या मुलीची, त्या मुलाच्या पालकांची आणि त्या मुलाच्या शाळेतल्या प्रिन्सिपल किंवा असिस्टंट प्रिन्सिपलची. चौथी सही सगळ्यांना घाम फोडते कारण तो माणूस सापडतच नाही. त्यांना बघायचं एवढंच असतं की हा मुलगा त्यांच्या शाळेत धड वागतो का. सोबत आयडीची कॉपी. वयाची अट बहुतेक ठिकाणी २१ च्या आत, आणि मिडल स्कूलचं मूल चालत नाही. फॉर्मची शेवटची तारीख तिकिटाच्या तारखेच्या आधी असते, ती बघा.

दारातले नियम: आयडी दाखवा, पर्स उघडून दाखवा, एकदा आत गेलं की बाहेर पडता येतं पण परत आत नाही, सुरू झाल्यावर तासाभराने दार बंद. हे शेवटचं मुलींना दहादा सांगा कारण त्या रेस्टॉरंटमध्ये फोटो काढत बसतात.

फणसपोळी | १२ सप्टेंबर, सकाळी ७.१५

अगं गवतीचहा तू मूळ मुद्दाच नाही लिहिलास. मम! मम घेतलंस का?

गवतीचहा | १२ सप्टेंबर, सकाळी ७.४०

मम म्हणजे? मला वाटलं ती आईबद्दल काहीतरी म्हणतेय. तिने परवा "मला मम हवी" म्हटल्यावर मी "ही काय इथे उभी आहे" म्हणाले आणि ती डोळे फिरवून निघून गेली.

फणसपोळी | १२ सप्टेंबर, सकाळी ८.२०

हाहाहा. मम म्हणजे शेवंती गं, क्रिसॅन्थमम. हे टेक्सासचं खास. पूर्वी मुलगा मुलीला होमकमिंगच्या मॅचसाठी शेवंतीचं खरं फूल द्यायचा. आता फूल कापडी, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, ताटाएवढं, आणि त्याला गुडघ्यापर्यंत, कधी घोट्यापर्यंत रिबिनी. त्या रिबिनींना घुंगरं, छोट्या घंटा, टेडी बेअर, शाळेच्या रंगाची वेणी, मुलीचं नाव चमकीत, आणि आता तर बॅटरीचे दिवेपण. डान्सला नाही घालत, आदल्या शुक्रवारी शाळेत घालतात आणि रात्री फुटबॉलच्या मॅचला. मुलांसाठी छोटं असतं, दंडावर बांधायचं, त्याला गार्टर म्हणतात. बारावीच्या मुली पांढरी-चंदेरी घालतात, बाकीच्या शाळेच्या रंगात.

विकत घेतलंस तर शंभर-दीडशे सहज, आणि हौसेला मोल नाही, पाचशेची पण बघितलीयेत. मी घरी करते. क्राफ्टच्या दुकानात ऑगस्टपासून सगळं सामान असतं, फक्त ग्लू गन घे आणि बोटांना बँडेज. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, अगं हा तर पोळ्याचा बैल. चूक काय त्यात? झूल, घुंगरं, गोंडे, सगळं आहे. मग त्यांनीच बसून रिबिनीच्या वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की अमेरिकन आया विचारायला आल्या कुठून करून घेतलं.

कोणा मुलाने द्यायला हवं असं काही राहिलं नाहीये आता. आया देतात, मैत्रिणी एकमेकींना देतात.

जर्सीकर | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१०

आमच्याकडे न्यू जर्सीत हा मम प्रकार नाही (सुटलो). पण ड्रायव्हिंगचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे प्रोबेशनरी (नवशिक्यांच्या) लायसन्सवर रात्री ११.०१ नंतर गाडी चालवता येत नाही आणि डान्स संपतो अकराला. म्हणजे एका मिनिटात पोराने पार्किंगमधून घरी पोचायचं. शिवाय नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावावा लागतो, त्यामुळे पोलिसाला लांबूनच कळतं की सावज आलं. मी सरळ जाऊन आणतो. टेक्सासचं काय आहे?

डीएफडब्ल्यू_काका | १२ सप्टेंबर, रात्री ८.००

टेक्सासला १८ च्या आतल्यांना पहिल्या वर्षी मध्यरात्री १२ ते पहाटे ५ बंद. आणि घरचे सोडून २१ च्या आतला एकच प्रवासी. म्हणजे सात मुलींच्या ग्रुपमध्ये एकीकडे लायसन्स असलं तरी ती एकीलाच नेऊ शकते. "आई, अमुकची दीदी सोडणार आहे" असं आलं की आधी दीदी किती वर्षांची ते विचारा.

नाचरा_मोर | १२ सप्टेंबर, रात्री ९.२५

एक शंका. जोडीनेच जावं लागतं का? माझी मुलगी म्हणते तिला तिच्या मैत्रिणीबरोबर जायचंय, "तसं" की नुसतं मैत्रीण म्हणून हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. शाळा काही बोलेल का?

टीचरबाई | १२ सप्टेंबर, रात्री ११.५०

नाचरा_मोर, शेवटचं वाक्य आवडलं.

मी कॅलिफोर्नियात हायस्कूलला शिकवते आणि एका क्लबची ॲडव्हायझर आहे. जोडीने वगैरे आता कुठे राहिलं नाही, निम्म्याहून जास्त मुलं घोळक्यात येतात. तिकीट "कपल"चं स्वस्त असेल तर दोघी मैत्रिणींनी घ्यावं, कोणी बघत नाही.

पण हे आपोआप झालेलं नाही. १९८० मध्ये ऱ्होड आयलंडच्या आरन फ्रिक नावाच्या मुलाने मित्राला प्रॉमला (शाळेच्या वर्षअखेरच्या डान्सला) न्यायची परवानगी मागितली, प्रिन्सिपलने नाही म्हटलं, कारण काय तर दंगा होईल. मुलगा फेडरल कोर्टात गेला आणि जिंकला. शाळेने बंदोबस्त वाढवावा, मुलाला घरी बसवू नये, असा त्या निकालाचा रोख. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१० ला, मिसिसिपीत कॉन्स्टन्स मॅकमिलनला टक्सिडो (पुरुषी सूट) घालून मैत्रिणीबरोबर यायचं होतं तर शाळेने अख्खा प्रॉमच रद्द केला! तीही कोर्टात गेली, शेवटी ३५ हजार डॉलर आणि नवं धोरण पदरात पाडून घेतलं. आणि जॉर्जियात विलकॉक्स काउंटीत गोऱ्या मुलांचा वेगळा आणि काळ्या मुलांचा वेगळा प्रॉम व्हायचा, २०१३ मध्ये चार मैत्रिणींनी पैसे जमवून पहिला एकत्र प्रॉम केला. २०१३! मी तेव्हा इथे शिकवत होते आणि मला पेपरात वाचून खरं वाटेना.

आणि नाचण्याबद्दल: आमच्याकडे मनगटाला पट्टी बांधतात. फार अंगलट नाच दिसला की पहिल्यांदा पट्टी कापतात, दुसऱ्यांदा पट्टी नसलेला सापडला की घरी फोन. मी कात्री घेऊन उभी राहिलेय आणि खरं सांगते, पूर्ण रात्रीत दोन कापल्या.

सदाशिवपेठी | १३ सप्टेंबर, सकाळी ६.३०

कात्री घेतलेल्या बाई. हे मात्र आमच्या मुख्याध्यापकांना सुचलं नाही.

उनाडपाखरू | १३ सप्टेंबर, दुपारी १.१५

मी कॉलेजला आहे, हायस्कूल ऑस्टिनजवळ केलं, माझं मराठी सांभाळून घ्या. सगळ्या काकूंना सांगायचंय की तुम्ही जे इमॅजिन करताय तसं आत काहीच नसतं. जिम असते. जिमचा वास असतो, वरून फुगे. पहिला एक तास कोणी नाचत नाही, सगळे भिंतीला टेकून एकमेकांचे ड्रेस बघतात. मग मुली हील्स काढून कोपऱ्यात ढीग करतात आणि मग मध्ये गोल करून उड्या मारतात. डीजेला कोणीतरी भांगडा लावायला सांगतं तेव्हा आपली सगळी मुलं एकदम पळत येतात, ती पाच मिनिटं बेस्ट. मग पाय दुखतात आणि सगळे टॅको खायला जातात. मेन इव्हेंट फोटो असतो, तो डान्सच्या आधी कोणाच्या तरी बॅकयार्डमध्ये होतो आणि तिथे पेरेंट्स अलाउड असतात. काकांना तिथे घेऊन जा. बाबा फोटो काढायला लागले की फ्रिज विसरतात.

गवतीचहा | १३ सप्टेंबर, दुपारी २.००

उनाडपाखरू, तुझ्या तोंडात साखर. नवऱ्याला वाचून दाखवलं. "भांगडा?" एवढंच म्हणाला, पण फ्रिज बंद केला.

क्लबचं पण सांगा ना कोणीतरी. परवानगीचा फॉर्म प्रत्येक क्लबला वेगळा भरायचा का? तिला लेझीमशिवाय डेका, होसा, "की क्लब" असं बरंच काही करायचंय, यादी बघूनच मला दम लागला.

डीएफडब्ल्यू_काका | १३ सप्टेंबर, रात्री १०.४५

हो, हा नियम नवा आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून सिनेट बिल १२ लागू झालं, आता मुलाला कुठल्याही क्लबात जायला पालकांची लेखी परवानगी लागते. त्याच कायद्याने लैंगिक ओळखीवर आधारलेल्या क्लबांवर बंदी आणली, त्यावर कोर्टात केस झालीये. ते असो. फॉर्म भरा.

यादीबद्दल कडक बोलतो, राग मानू नका. आपली देशी मंडळी पोरांना डझनभर क्लबांत घालतात. थोरल्याला मी तेच केलं. कॉलेजच्या कॉमन ॲप अर्जात ॲक्टिव्हिटीच्या जागा दहा, आणि प्रत्येकीचं वर्णन करायला १५० कॅरॅक्टर, शब्द नव्हे, मोकळी जागासुद्धा मोजून. थोरला अर्ज भरायला बसला आणि सात क्लबांपुढे लिहायला त्याच्याकडे "मीटिंगला हजर होतो" याशिवाय काही नव्हतं. धाकटी फक्त रोबोटिक्सला गेली. जानेवारीत त्यांना त्या वर्षीच्या स्पर्धेत रोबोने काय खेळायचं ते कळतं, मग सहा-आठ आठवडे पोरगी घरी फक्त झोपायला. तिला १५० कॅरॅक्टर कमी पडले.

डेका म्हणजे मार्केटिंग, धंदा. परीक्षकासमोर बसून प्रसंग सोडवायचा, वरच्या फेरीला गेलात तर ब्लेझर आणि विमानाची तिकिटं तुमच्या खिशातून. होसा मेडिकलवाल्यांचं, टेक्सासात जोरात आहे. की क्लब समाजसेवा, १९२५ पासून, तासांची वही ठेवावी लागते. आवडतं काय ते मुलीला विचारा, मला नका विचारू.

आणि नो पास नो प्ले विसरू नका. १९८४ चा टेक्सासचा कायदा आहे, एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की तीन आठवडे स्पर्धा, कार्यक्रम बंद. एपी-ऑनर्सच्या (वरच्या, अवघड पातळीच्या) काही विषयांना डिस्ट्रिक्ट सूट देऊ शकतं. प्रॅक्टिस करता येते, स्टेजवर जाता येत नाही. म्हणजे लेझीम घरी खेळायची!

टीचरबाई | १४ सप्टेंबर, दुपारी १२.३०

नवा क्लब काढायचा तर तीन गोष्टी: शाळेतला एक शिक्षक स्पॉन्सर, सह्या केलेली मुलं, आणि घटना. हो, घटना. अध्यक्ष कोण, निवडणूक कधी, पैसे कोण बघणार. आपल्या गणेश मंडळांची असते तशीच, फक्त इथे ती खरंच लिहावी लागते.

शिक्षक मिळवणं सगळ्यात अवघड कारण आम्हाला त्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत आणि जेवायची सुट्टी जाते. मुलीला सांगा, ईमेल नको, शाळा सुटल्यावर वर्गात जाऊन विचार, आणि "तुम्हाला काहीच करावं लागणार नाही" असं म्हणू नको, आम्हाला ते खोटं आहे हे माहीत असतं. कुठला वार, किती वेळ, खोली कोण आवरणार, ते सांग.

शाळा उगाच नाही म्हणायला लागली तर इक्वल ॲक्सेस ॲक्ट आहे, १९८४ चाच. फेडरल पैसा घेणाऱ्या सरकारी हायस्कूलने अभ्यासाशी संबंध नसलेला एक जरी क्लब चालू दिला तर मुलांच्या दुसऱ्या क्लबला त्याच्या धर्मामुळे, राजकारणामुळे किंवा विचारांमुळे अडवता येत नाही. ओमाहाच्या एका मुलीला बायबल क्लब काढायचा होता, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९० मध्ये ती जिंकली. गंमत म्हणजे त्याच कायद्याचा आधार पुढे समलिंगी मुलांच्या क्लबांनी घेतला, आणि १९९६ ला सॉल्ट लेक सिटीच्या बोर्डाने तो एक क्लब नको म्हणून अभ्यासाशी संबंध नसलेले सगळेच क्लब बंद करून टाकले. लेझीमवर अशी वेळ येणार नाही पण माहीत असावं.

आणि पैसे कधीही स्वतःच्या किंवा तुमच्या खात्यात घेऊ नका, पाच डॉलरसुद्धा. शाळेच्या ॲक्टिव्हिटी अकाउंटमधूनच.

फणसपोळी | १४ सप्टेंबर, दुपारी १.०५

पैसे कसले, लंचला समोसे विका! दहा मिनिटांत पाचशे डॉलर.

टीचरबाई | १४ सप्टेंबर, दुपारी १.२०

नाही चालत गं. स्मार्ट स्नॅक्सचे फेडरल नियम आहेत २०१४ पासून. मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यावर अर्ध्या तासापर्यंत मुलांना जे विकायचं त्याच्या कॅलरी, मीठ, मेद सगळं मोजलेलं पाहिजे. राज्यं काही दिवस सूट देतात, पण ते दिवस आधीच डोनटवाल्यांनी पटकावलेले असतात. संध्याकाळी विका, शाळेला विचारून.

गवतीचहा | ५ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

झालं एकदाचं!

चार्जरचे ३५ भरले. (चार्जर काल सापडला. पुण्याहून आणलेल्या पापडांच्या डब्यामागे. कोणी काही बोलू नका.) त्या मुलाच्या फॉर्मने शेवटपर्यंत जीव खाल्ला, त्याचे असिस्टंट प्रिन्सिपल तीन दिवस ट्रेनिंगला, मुदत बुधवारी तीनची, त्याची आई कामावरून निघाली, सही घेतली आणि दोन चाळीसला आमच्या शाळेच्या ऑफिसात फॉर्म ठेवला. घाम पुसत मला फोन करून म्हणाली, लग्नाच्या रजिस्ट्रेशनला इतकं धावले नव्हते.

मम घरी केलं. ग्लू गनने दोन बोटं भाजली. घुंगरं इतकी लावली की शुक्रवारी सकाळी ती जिना उतरताना नवरा खालून ओरडला, कोण आलंय? मग चष्मा लावून बघत बसला, मग गाडी काढली आणि स्वतः शाळेत सोडून आला. मॅचलाही आला. फुटबॉल कळलं नाही पण बँड आवडला.

बॅकयार्ड फोटोंचं उनाडपाखरूने सांगितलं होतं तसंच. दीड तास. मुली जेवायला लांब गेल्या, दार नऊला बंद होणार होतं, आठ पन्नासला पोचल्या. मी अकराला आणायला गेले तर अनवाणी, हातात हील्स, त्यातली एक दुसऱ्याच कोणाची. विचारलं मजा आली का, तर म्हणे ठीक होतं, जिममध्ये फार गरम होतं. घरी येऊन दोन वाट्या दहीभात खाल्ला आणि सोफ्यावरच झोपली, केसात पिना तशाच.

उनाडपाखरू | ५ ऑक्टोबर, सकाळी ११.००

"ठीक होतं" म्हणजे खूप मजा आली काकू.

नाचरा_मोर | ५ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

आमचा पुढच्या शनिवारी. मैत्रीण घरी येऊन गेली. पोहे आवडले तिला. मी अजून काही विचारलेलं नाही.

गवतीचहा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

धागा वर आणतेय. क्लब मंजूर झाला! चार शिक्षकांनी नाही म्हटलं. पाचवे वर्ल्ड हिस्टरीचे सर, त्यांनी विचारलं आवाज किती होतो. तिने खरं सांगितलं, खूप. तर म्हणाले मग माझ्या वर्गात नको, पण बँड हॉलच्या मागचा व्हरांडा गुरुवारी रिकामा असतो, मी येऊन पेपर तपासत बसेन.

घटना तिने स्वतः लिहिली. नवऱ्याने त्यात "वर्गणी सक्तीची नाही" हे कलम घालायला लावलं, मंडळातला जुना राग दिसतो.

काल पहिली मीटिंग. अकरा मुलं आली, मराठी फक्त तीन, दोन तेलुगू, एक व्हिएतनामी मुलगी, बाकी ड्रमलाइनवाली (शाळेच्या बँडात ड्रम वाजवणारी) मुलं. लेझीम आमच्याकडे चारच, त्यातल्या एकीच्या चकत्या निखळलेल्या. दोन-दोन मिनिटं पाळीपाळीने खेळले. ड्रमलाइनच्या एका मुलाने पाचव्या मिनिटाला असा ठेका धरला की लेक तोंड उघडं टाकून बघत राहिली.

आता जानेवारीत मल्टिकल्चरल नाइट आहे आणि लेझीम हव्यात किमान बारा. डिसेंबरात पुण्याहून कोणी डॅलसला येतंय का? पैसे पाठवते.

सदाशिवपेठी | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५५

मी २० डिसेंबरला येतोय, मुलाकडे, प्लेनोला. शाळांना खेळाचं सामान देणारं एक दुकान माझ्या ओळखीचं आहे. लाकडी दांडा, लोखंडी चकत्या, वजनाचं काय ते बघतो, बायको चिवडा कमी नेईल. बारा सांगताय, पंधरा आणतो. पण दुरुस्तीला तार आणि पक्कड तुमच्याकडे ठेवा, चकत्या पहिल्या आठवड्यात निघतात.

आणि तो जो व्हरांडा आहे तिथे गुरुवारी बाहेरच्या माणसाला येऊन बघता येतं का? की त्यालाही फॉर्म आहे?

गवतीचहा | १४ नोव्हेंबर, रात्री १०.०२

आहे काका. व्हिजिटरचा. पासपोर्ट घेऊन या, मी ऑफिसात बोलून ठेवते.